पंधरा मिनिटांच्या आत

गाद्या बनवणाऱ्या त्या कंपनीत संगणक विभागाच्या प्रमुखाला त्याच्या नावाने कोणी हाक मारत नसे. सगळे त्याला तक्तेसाहेब म्हणत आणि ते त्याला मनापासून आवडायचं. कुठलाही निर्णय समोर आला की हा माणूस तक्ता मांडायचा. एका बाजूला निकष, वर उमेदवार, प्रत्येक निकषाचं वजन, प्रत्येक चौकटीत गुण आणि सगळ्यात खाली बेरीज. घरचा फ्रिज, चष्म्याची फ्रेम, दातांचा डॉक्टर, सगळं त्याने असंच निवडलं होतं. लग्नाला हो म्हणण्याआधी त्याने होणाऱ्या बायकोचाही तक्ता केला होता. तो तिला पुढे जुन्या फायलींत सापडला. ती पास झाली होती, पण विनोदबुद्धीला तिला दहापैकी चारच गुण मिळाले होते. त्या चार गुणांवरून तिने आजतागायत त्याला सुखाने जेवू दिलेलं नाही.

अशा या हिशेबी माणसाच्या घरात एक छोटी खोली होती. रस्त्याकडे उघडणारी खिडकी, भिंतीला लावलेलं टेबल, हात टेकायला लाकडी दांडे असलेली खुर्ची आणि कंपनीत दहा वर्षं पूर्ण केल्याबद्दल भेट मिळालेली एक एकेरी गादी. संध्याकाळी कचेरीतून आलं की तक्तेसाहेब अर्धा-पाऊण तास तिथे दार लावून बसायचा. काही करायचा नाही. नुसता बसायचा. दिवसभर ज्याला माणसं विचारतात की माझा पासवर्ड का चालत नाही, त्याला अशी एक खोली लागतेच, असं त्याचं मत होतं, आणि या एका बाबतीत त्याचं बरोबरच होतं.

त्या खोलीत आता मेहुणा राहत होता. बायकोचा धाकटा भाऊ. आठ दिवसांसाठी म्हणून आला आणि त्याने असं ठाण मांडलं की त्याची दाढीची क्रीम, त्याचे व्यायामाचे रबरी पट्टे आणि त्याची घोरण्याची लय हे सगळं आता घराचंच वाटायला लागलं होतं. चांगला तीस-बत्तीस वर्षांचा घोडा, पण ताईसाठी तो अजून सोन्या होता. सोन्या दमला असेल, सोन्याला उशी दे, सोन्याची आंघोळ व्हायचीय, तू जरा थांब. तक्तेसाहेब थांबायचा. मग संध्याकाळचं बसायला जागा नाही म्हणून तो मागच्या बाल्कनीत जायचा आणि वॉशिंग मशीनला टेकून उभा राहायचा. बायकोला तो एका शब्दाने बोलला नाही. सासरच्या माणसाला जा म्हणायचं कसं, याचा तक्ता त्याला जमला नव्हता.

मेहुणा काय करायचा, तर कंपन्यांना एक टूल विकायचा. कचेरीतले सगळे संगणक एका जागी बसून सांभाळायचं टूल. कोणाचं सॉफ्टवेअर जुनं झालंय, कोणी नको ते उतरवून ठेवलंय, कोणाचा लॅपटॉप हरवला तर तो दुरूनच कुलूपबंद कसा करायचा, हे सगळं त्यात. नोकरी नवी होती, कच्ची होती, आणि एक मोठा करार आणल्याशिवाय पक्की होणार नव्हती. एकदा जेवताना तो म्हणाला, "एक करार पदरात पडू दे भाऊजी, की मी माझं घर बघतो." तक्तेसाहेबाचा घास हातातच राहिला.

कारण त्याच आठवड्यात कंपनीत एक लॅपटॉप हरवला होता. विक्री विभागाच्या एका महाशयांनी तो टॅक्सीत ठेवला आणि स्वतः उतरून गेले. मालकीणबाईंनी फर्मान काढलं की सगळ्या संगणकांना आणि सर्व्हरना वेसण घालणारं टूल घ्या आणि महिन्याभरात घ्या. निवड कोण करणार? अर्थातच तक्तेसाहेब.

इथे मालकीणबाईंचा एक नियम सांगायला हवा. मागे एकदा फोम कापायचं यंत्र घेतलं होतं. कमी आवाज या निकषावर त्याला सगळ्यात जास्त गुण पडले होते. यंत्र आलं आणि असं किंचाळायला लागलं की कामगार कानांत कापूस घालून हातवाऱ्यांनी बोलू लागले. विकणाऱ्याने हात वर केले. करारात शांततेबद्दल एक अक्षर नाही म्हणाला. तेव्हापासून बाईंनी ठरवून टाकलं की ज्या गोष्टीला गुण देऊन वस्तू घेतली, ती गोष्ट जशीच्या तशी करारात अट म्हणून उतरली पाहिजे. कंपनीचे वकील निकालाचा तक्ता घेत आणि त्यातला प्रत्येक निकष अटीत बसवत. तक्तेसाहेबाला या नियमाचा फार अभिमान होता. आपली वाक्यं करारात जातात, हे तो पाहुण्यांनासुद्धा सांगायचा.

निवड समितीत तिघं होती. तक्तेसाहेब, खरेदी विभागाचा प्रमुख आणि नेटवर्क सांभाळणारी एक बाई. तिला सगळे नेटवर्कवाली म्हणत. बाई तिखट होती. पहिल्याच बैठकीत तिने विचारलं, आपल्याकडे सर्व्हर आहेत तरी किती?

प्रश्न साधा होता, पण घोडं तिथेच पेंड खात होतं. सर्व्हर म्हणजे काही खोलीत मांडलेली कपाटं नव्हेत. दोन-तीन दणकट यंत्रं होती आणि त्यांच्या पोटात सॉफ्टवेअरने थाटलेले अनेक वेगवेगळे संसार होते. व्हर्च्युअल सर्व्हर म्हणतात ते हेच. नवा संसार थाटायला दोन बटणं दाबली की झालं, त्यामुळे जो मागेल त्याला तक्तेसाहेबाने तो दिला होता. मोडायचा मात्र एकही नाही. असू दे, लागेल कशाला तरी, हे त्या विभागाचं ब्रीदच होतं. एकाचं नाव होतं 'टेस्ट', दुसऱ्याचं 'टेस्ट नवा', तिसऱ्याचं 'टेस्ट नवा शेवटचा'. एकाचं नुसतं 'हा काढू नका'. ते नाव कोणी ठेवलं, त्यात काय आहे, कोणालाच ठाऊक नव्हतं. पण इतक्या स्पष्ट शब्दांत कोणी सांगून ठेवलंय म्हटल्यावर काढायची कोणाची छाती होत नव्हती.

तर नक्की आकडा काही मिळेना. तक्तेसाहेब म्हणाला, टूल घेतलं की ते मोजून देईल. खरेदीवाला म्हणाला, पण टूलची लायसन्स किती घ्यायची ते मोजल्यावर ठरणार ना? यावर सगळ्यांनी चहा मागवला.

पहिलं टूल होतं एका जगप्रसिद्ध कंपनीचं. त्यांचा माणूस आला, दिवे घालवून भिंतीवर चित्रं दाखवत राहिला. त्यांचं लायसन्स यंत्राच्या मेंदूत किती भाग आहेत त्यावर मोजलं जायचं. पण आतला सर्व्हर एका यंत्रातून उठून दुसऱ्यात गेला तर दुसऱ्या यंत्राचंही लायसन्स हवं. खरेदीवाल्याने विचारलं, सर्व्हर उठून गेला की नाही हे कळणार कसं? तो माणूस हसून म्हणाला, आमचं टूल कळवेल. खरेदीवाला त्यानंतर बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता.

दुसरं टूल नेटवर्कवालीने सुचवलेलं. फुकट होतं, त्याला लायसन्सची भानगडच नव्हती. फक्त मांडणी आपली आपण करायची आणि आधी निरुपयोगी सर्व्हर बंद करायचे. निम्मा पसारा तरी निघून जाईल, असा तिचा अंदाज होता.

तिसऱ्या टूलचा माणूस आला तो थेट तक्तेसाहेबाचा निळा टाय घालून. सकाळी दोघांनी एकाच टेबलावर अंडी खाल्ली होती, पण बैठकीत मेहुणा त्याला साहेब म्हणाला आणि तक्तेसाहेबाने त्याला आपण बसा म्हटलं. दोघांनीही ताकास तूर लागू दिली नाही. मेहुण्याच्या टूलचा हिशेब सरळ होता. जेवढी डोकी तेवढी लायसन्स. डोकं खरं असो की व्हर्च्युअल, जिवंत असो की मेलेलं, तो भेदभाव करत नव्हता. 'हा काढू नका'चंही एक लायसन्स पडणार होतं. शिवाय हे टूल स्वतः चालायला आणखी दोन सर्व्हर हवे होते, आणि त्यांच्यावर नजर ठेवायला त्यांचीही लायसन्स. टाय छान आहे, असं तेवढं नेटवर्कवाली म्हणाली.

तक्तेसाहेबाने रविवारी तक्ता मांडला. प्रामाणिकपणे मांडला, हे सांगायला हवं. बेरीज केली तर नेटवर्कवालीचं टूल पहिलं आणि मेहुण्याचं तिसरं आलं. खोलीतून घोरणं ऐकू येत होतं. त्याने वजनं थोडी हलवली. मेहुणा दुसरा आला. मग त्याने विचार केला की या टूलकडे असं काय आहे जे इतर कोणाकडेच नाही? आणि भिंतीपलीकडून उत्तर आलं, चांगलं मोठ्याने घोरत. त्याने तक्त्यात एक नवा निकष लिहिला. विक्रेत्याचा जाणकार माणूस कचेरीपासून चालत पंधरा मिनिटांच्या आत राहतो का? त्याला सगळ्यात जास्त वजन दिलं. जगप्रसिद्ध कंपनीचा माणूस विमानाने यायचा, त्याला शून्य. तक्तेसाहेबाचं घर कचेरीच्या जवळच, म्हणून मेहुण्याला पैकीच्या पैकी. बेरीज बघून तक्तेसाहेबाला स्वतःचंच कौतुक वाटलं. एकही गुण खोटा नव्हता.

बैठकीत नेटवर्कवालीने तो निकष दोनदा वाचला. मग विचारलं की तिच्या टूलला इथे शून्य का.

"त्याच्यामागे माणूसच नाही," तक्तेसाहेब म्हणाला.

"मी आहे की. समोर बसलेय तुमच्या."

"तू आपल्याच कंपनीतली. तुला धरता येत नाही."

कागद उलटा ठेवून तिने पेनाला टोपण लावलं. खरेदीवाल्याला जेवायला जायची घाई होती, त्यामुळे मेहुण्याचं टूल एकमताने निवडलं गेलं. तीन वर्षांचं लायसन्स घेतलं तर भरघोस सवलत मिळत होती. तक्तेसाहेबानेच घासाघीस करून ती पक्की केली. त्या संध्याकाळी वॉशिंग मशीनला टेकून त्याने मनातल्या मनात छोट्या खोलीला नवा रंग दिला. फिका हिरवा. नवा पडदाही ठरवला.

करार सहीला गेला आणि दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंचं बोलावणं आलं.

बाई सत्तरीच्या होत्या आणि त्यांची बसायची जागा म्हणजे नमुन्यांचं दालन. नव्या गाद्यांवर स्वतः आडवं पडल्याशिवाय त्या एकही गादी बाजारात जाऊ देत नसत. तक्तेसाहेब गेला तेव्हा त्या एका जाडजूड गादीवर उताण्या पडून, चष्मा कपाळावर ढकलून करार वाचत होत्या. पायांत मोजे, बूट शेजारी नीट लावून ठेवलेले. उभ्या माणसाने झोपलेल्या माणसापुढे मान कशी खाली घालायची, हा त्या दालनातला नेहमीचा प्रश्न होता.

त्यांनी एक अट मोठ्याने वाचली. विक्रेत्याचा अमुक जाणकार माणूस लायसन्सच्या पूर्ण मुदतीत कचेरीपासून चालत पंधरा मिनिटांच्या आत राहील. तो दूर राहायला गेल्यास करार आपोआप रद्द होईल. खाली वकिलांनी शिस्तीत त्या माणसाचा सध्याचा पत्ता घातला होता. बाईंनी पत्ताही वाचला. घर क्रमांकासकट.

निकष करारात जातात, हे तक्तेसाहेब पाहुण्यांना सांगत आला होता. स्वतःला सांगायचं तेवढं राहून गेलं होतं.

"या पत्त्यावर आपली एक गादी गेलीय," बाई म्हणाल्या. "एकेरी. मीच चिठ्ठी लिहून दिली होती. कशी आहे?"

तो म्हणाला की चांगली आहे.

"झोप लागते तुम्हाला?"

त्याने खरं काय ते सांगून टाकलं. गादीवर मेहुणा झोपतो. मेहुणा टूल विकतो. खोली छोटी आहे, पण ती त्याची आहे. सांगताना त्याचा आवाज चिरका झाला आणि त्याची त्यालाच लाज वाटली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, कूस बदलली आणि गादीचा काठ अंगठ्याने दाबून बघितला.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "हा तक्ता खोटा असेल तर मला तुम्हाला काढावं लागेल. खरा असेल तर तुमच्या पाहुण्याला तीन वर्षं तिथेच राहावं लागेल. मला दोन्ही चालेल. तुम्ही सांगा, खरा की खोटा?"

दालनात पंखा फिरत होता. आयुष्यात पहिल्यांदा तक्तेसाहेबापुढे असा निर्णय आला की त्याला तक्ता करायला सवड नव्हती. त्याने नोकरीची बाजू बघितली, खोलीची बाजू बघितली, आणि घराचे हप्ते कोण भरणार तेही बघितलं.

"खरा आहे," तो म्हणाला.

बाईंनी झोपल्या झोपल्या सही केली. मग म्हणाल्या की उद्यापासून येताना पाहुण्यांनाही बरोबर घेऊन येत जा, एकाच घरातून दोघं वेगवेगळे कशाला यायचे. आणि नेटवर्कवालीला निरोप द्यायला सांगितला की तिने निरुपयोगी सर्व्हरची यादी घेऊन थेट त्यांच्याकडे यावं. बाहेर पडताना तक्तेसाहेबाला नेटवर्कवाली दिसली. ती मान खाली घालून काम करत होती, तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो पाणी प्यायला गेला.

घरी आला तर टेबलावर केक होता. मेहुण्याची नोकरी पक्की झाली होती. बायको खूश होती, पण मेहुण्याचा चेहरा काही नोकरी पक्की झालेल्या माणसासारखा दिसत नव्हता. केकचा तुकडा बोटांनी कुस्करत तो म्हणाला की भाऊजी, एक घोटाळा झाला. त्याने एक खोली बघून ठेवली होती. शहराच्या दुसऱ्या टोकाला, स्वस्तात. सामान न्यायला टेम्पोही ठरवला होता. येत्या रविवारी जायचं होतं. आता त्याच्या कंपनीने कळवलंय की करार टिकायला हवा असेल तर तीन वर्षं इथून हलायचं नाही. या भागात दुसरी खोली घेणं त्याच्या पगारात बसत नव्हतं.

"खोली बघितली होतीस?" तक्तेसाहेबाने विचारलं. "कधी?"

"महिना झाला. नोकरी पक्की होवो न होवो, जायचंच होतं. ताईनेच सांगितलं."

तक्तेसाहेबाने बायकोकडे बघितलं. ती सुरीला लागलेला केक पुसत होती.

"मग काय करणार," ती म्हणाली. "रोज संध्याकाळी तू त्या वॉशिंग मशीनला टेकून उभा राहायचास. मला दिसत नव्हतं का? मी सोन्याला म्हटलं, तुझे भाऊजी स्वतःहून कधी बोलायचे नाहीत. तूच जागा बघ. तुला आज सांगणार होतो आम्ही, म्हणून तर केक आणला." तिने सुरी खाली ठेवली. "पंधरा मिनिटांची ही अट कुठल्या शहाण्याने घातली?"

मेहुण्याने कुस्करलेला केक बशीत एका बाजूला गोळा केला. तक्तेसाहेबाला खूप काही बोलायचं होतं. विशेषतः तिच्या विनोदबुद्धीच्या चार गुणांबद्दल त्याला आत्ता, या क्षणी, काहीतरी बोलायचं होतं. पण तो उठला आणि बाल्कनीत गेला. मशीनमध्ये कपडे फिरत होते. सोन्याचे होते, आणि त्यांत त्याचा निळा टायही होता. मशीन हादरत होतं, त्याला टेकून तोही थोडा थोडा हादरत राहिला. त्याला फार एकटं वाटलं. आणि रागही आला, पण तो कोणावर काढायचा हे ठरवायला गेलं की पुन्हा त्याचं एकट्याचंच नाव उरत होतं.

मागे दार सरकल्याचा आवाज झाला. मेहुणा आडवा होऊन बाल्कनीत शिरायची खटपट करत होता, कारण त्याच्या हातात छोट्या खोलीतली खुर्ची होती, लाकडी दांड्यांची. त्याने ती मशीन आणि कठड्याच्या मध्ये कशीबशी बसवली, रुमालाने झटकली आणि दोन पावलं मागे सरकून नीट बसतेय ना ते बघितलं.

"बसा भाऊजी," तो प्रेमाने म्हणाला. "तीन वर्षं उभं कसं राहणार?"